फुटक्या स्पीकरचं वशीकरण

महोदय,

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर, ‘जागा भाड्याने देणे’ आणि ‘कामगार पाहिजेत’ यांच्या मधोमध, एक बोटभर चौकट गेले कित्येक महिने छापून येते. प्रेमात अपयश, नवरा-बायकोत बेबनाव, सवतीचा त्रास, मनासारखं लग्न. ‘सिद्ध चुंबक पत्थराने वशीकरण’, घरबसल्या काम, काम न झाल्यास पैसे परत. खाली मोबाईल नंबर. नंबर अधूनमधून बदलतो, मजकूर तोच राहतो. या चौकटीबद्दल मला लिहायचं आहे. पत्र लांबलं तर कुठेही कात्री लावा, फक्त चुंबकाचा भाग ठेवा. इतर विषयांत मी अडाणी असेन, चुंबकात नाही.

जुन्या जालन्यात माझं स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला, रेडिओ गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, भोंगे मात्र राहिले. लग्नं, सप्ते, जयंत्या, निवडणुका, उरूस, सगळ्यांचे भोंगे माझ्याकडे येतात. कॉईल जळालेली, कोन फाटलेला, युनिटचा डायफ्राम गेलेला. जे दुरुस्त होण्यापलीकडे गेलं ते मागच्या खोलीत साठतं आणि वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. त्या ढिगात सगळ्यांत जड वस्तू म्हणजे स्पीकरच्या पाठीचं गोल मॅग्नेट.

दोनेक वर्षांपूर्वी एक माणूस आला आणि किलोच्या भावाने ही मॅग्नेटं मागू लागला. त्याची अट विचित्र होती. ‘साबूत नको, फुटके द्या.’ माझ्या धंद्यात फुटक्या मॅग्नेटला कुणी विचारत नाही. कशाला हवेत म्हणून विचारलं तर म्हणाला, शाळेच्या प्रयोगाला. कोणती शाळा, तर त्याला सांगता येईना. मी दिले नाहीत. त्याला दुसरीकडे मिळाले असणारच, कारण पुढे एका यात्रेत भोंगे लावायला गेलो असताना मला तेच तुकडे लाल कापडावर मांडलेले दिसले. शेंदूर फासलेला, वर हळद-कुंकू, शेजारी काळी बाहुली, बिब्बे, कवड्या आणि कसल्याशा मुळ्या. एका तुकड्याला बाहेरून गोलाई होती आणि चपट्या अंगाला पिवळट गोंदाचा डाग तसाच होता. मॅग्नेट ज्या गोंदाने लोखंडी पत्र्याला चिकटवतात तो गोंद मी उभ्या जन्मात इतका खरवडलाय की अंधारातसुद्धा ओळखेन. विकणारा मात्र सांगत होता, ‘असली चुंबक पत्थर, हिमालय से.’ एक नग पाचशे एक, नर-मादीची जोडी अकराशे.

हे मॅग्नेट म्हणजे काय ते सांगतो. याला फेराइट म्हणतात. लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे मोठ्या मानाने गंजच, त्यात बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचा क्षार मिसळतात, भुकटी साच्यात दाबतात, हजार अंशांच्या वर भट्टीत भाजतात आणि शेवटी जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात धरून त्यात चुंबकत्व भरतात. जात कपबशीची. म्हणून पडलं की वाकत नाही, फुटतं, आणि फुटल्यावर कडा अगदी डोंगरातल्या दगडासारख्या खडबडीत दिसतात. त्याला फुटके हवे होते ते यासाठी. गोल मॅग्नेट दाखवलं तर शेंबडं पोरगंही म्हणेल, हे तर स्पीकरचं.

खरा चुंबक दगड जगात आहेच. मॅग्नेटाइट नावाचं काळं, जड खनिज असतं. त्याचे बहुतेक दगड चुंबकाला नुसते चिकटतात, स्वतः चुंबक नसतात. थोडेच तेवढे स्वतः लोखंड ओढतात, आणि त्यांच्यात हा गुण बहुधा वीज पडल्याने येतो असं शास्त्रज्ञ मानतात. आपल्या जुन्या रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधविद्येत, कांतलोहाचे, म्हणजे चुंबकी लोहाचे, भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक असे प्रकार सांगितले आहेत, म्हणजे वैद्यांनाही हा दगड चांगला ठाऊक होता. आणि मॅग्नेटाइटसाठी हिमालयात जायची गरज नाही. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलेला आहे. त्या खडकात या खनिजाचे बारीक कण असतात. उन्हाळ्यात कुंडलिकेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूतून एखादं मॅग्नेट फिरवा, काळ्या कणांची दाढी उगवते. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी हा उद्योग आवर्जून सांगतो. फुकट आहे आणि कुणी वश होत नाही.

आता त्या लाल कापडावरचा खेळ. भोंगे बांधून झाले होते, कार्यक्रमाला वेळ होता, मी उभा राहून नीट पाहिला. पितळेच्या ताटलीत कुंकू पसरलेलं. बाबा ताटलीखालून हात फिरवतो आणि कुंकवाला काटे उभे राहतात, ते काटे हाताबरोबर चालतात. बायका हात जोडतात. कुंकवात लेथवरचा लोखंडी बुरा मिसळलेला असतो आणि मुठीत मॅग्नेट. ताटली पितळेची, कारण पितळ चुंबकाच्या आड येत नाही. मग गिऱ्हाइकाकडून ‘तिचं’ किंवा ‘त्याचं’ नाव कागदावर लिहून घेतो, चिठ्ठीची घडी करतो, घडी सुटू नये म्हणून टाचणी लावतो. चिठ्ठी दगडाजवळ ठेवली की सरकत जाऊन त्याला चिकटते. ‘बघा, आत्तापासूनच ओढ लागली.’ ओढ टाचणीला लागलेली असते. टाचणी न लावता ठेवायला सांगा, चिठ्ठी संध्याकाळपर्यंत जागची हलणार नाही.

तिसरा प्रकार मला, खरं सांगतो, कारागीर म्हणून आवडला. नर-मादीचे दोन तुकडे समोरासमोर धरतो, ते एकमेकांना ढकलतात. ‘रुसवा आहे, कुणीतरी मध्ये घातलंय.’ मंत्र म्हणता म्हणता हळूच एक तुकडा पालथा करतो, दोन्ही खाडकन चिकटतात. ‘गेला रुसवा.’ उत्तर ध्रुवाला उत्तर ध्रुव ढकलतो आणि दक्षिण ओढतो, हे सातवी-आठवीतलं पोर सांगेल. पण घरात रोज भांडण असलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर ते दोन दगड जेव्हा खाडकन चिकटतात, तेव्हा तिला विज्ञानाचं पुस्तक आठवत नाही. मी तिचा चेहरा पाहिला आहे. तिला हसण्याचा अधिकार मला तरी नाही.

गर्दी पांगल्यावर मी त्या विकणाऱ्याला हळूच विचारलं, ‘स्पीकरचं मॅग्नेट ना हे?’ तो हसला. म्हणाला, ‘तुमी जानकार हाव मेस्त्री. पोटाला काय तरी लागतंय की.’ पायात तुटकी चप्पल, मागे पाल, पालात दोन लेकरं. त्याच्यावर पोलीस घाला असं माझं म्हणणं नाही. त्याच्या कापडावरची एक वस्तू मात्र खरोखर गंभीर होती. ‘हातजोडी’ म्हणून जी मुळी विकतात, दोन हात जोडल्यासारखी, ती पुष्कळदा मुळी नसतेच. प्रयोगशाळेत तपासल्यावर ते नर घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय निघालेलं आहे. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. लोक देवघरात काय ठेवून पूजा करतात हे त्यांना कळलं तर ताट बाजूला सारतील.

पालातल्या माणसापेक्षा चौकटीतला माणूस वेगळा. त्याला चेहरा नाही, नुसता नंबर.

आमच्याकडे एका भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतो. मंडळाचे एक गृहस्थ, तालुक्याच्या गावचे, पाच एकर कोरडवाहू, यंदा तो घेऊन आले आणि त्याबरोबर रुमालात बांधलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. ‘मेस्त्री, ह्ये काय हाय बगा बरं. पोरगं उशाला घेऊन झोपतंय, आन् हात लावू दिना.’ मी रुमाल सोडला. फेराइटचे दोन तुकडे, लाल दोरा गुंडाळलेले. उलटे करून पाहिले, गोंद होताच. मी विचारलं, केवढ्याला? त्यांनी आकडा सांगितला नाही, नुसतं म्हणाले, ‘एक म्हस होती.’

पोरगा इथे अभ्यासिकेत बसतो, पोलीस भरतीची तयारी. तिथल्या एका मुलीवर याचं मन बसलं. तिने स्वच्छ सांगितलं, माझ्या मनात तसलं काही नाही, मला परीक्षा द्यायची आहे. याने पेपरातला नंबर फिरवला. आधी दगडाचे, मग दगड ‘जागा’ करायचे, मग अमावास्येच्या पूजेचे, असे पैसे फोनवरून जात राहिले. गुण येईना तेव्हा सांगण्यात आलं, एक तुकडा तिच्या उंबऱ्याजवळ पुरावा लागेल, आणि अर्ध्यातून सोडलंस तर उलटेल, आईच्या जिवावर येईल. पोरगं घाबरलं. आईपायी त्याने आणखी पैसे दिले आणि रात्री त्या मुलीच्या घराभोवती घिरट्या घालू लागलं. तिच्या भावांनी पकडलं. मारहाण झाली, प्रकरण ठाण्यापर्यंत गेलं, चार प्रतिष्ठित माणसांनी मिटवलं. फोनवाल्याची तक्रार करायला बाप गेला तर त्याला विचारलं, ‘पैसे तुमीच दिले ना, आपल्या हातानं?’ झालं.

आणि त्या मुलीचं काय झालं, तर वडिलांनी तिची अभ्यासिका बंद केली. पोराचा बाप हे सांगताना खाली बघत होता, एवढं त्याच्याबद्दल मला चांगलं वाटलं. तिने कुणाला पैसे दिले नव्हते, दगड आणला नव्हता, ती फक्त नाही म्हणाली होती. ‘वशीकरण’ जाहिरातीत कसं गोड वाटतं, पण त्यात विकत काय मिळतं ते बघा: समोरच्याच्या नकाराला मोजायचं नाही, याची परवानगी. दगड खोटा निघाला म्हणून पैसे बुडाले, हा त्यातला लहान तोटा. दगड खरा असता तर काय झालं असतं याचा विचार करा, अंगावर काटा येतो.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असंही नाही. मध्ययुगीन युरोपात समजूत होती की झोपलेल्या बायकोच्या डोक्याखाली चुंबक ठेवावा. पतिव्रता असेल तर झोपेत नवऱ्याला मिठी मारेल, नसेल तर पलंगावरून खाली पडेल. नवऱ्याच्या डोक्याखाली ठेवून बघावा असं त्या शहाण्यांना सुचलं नाही. त्याच युरोपात लसणाने चुंबकाची शक्ती जाते असंही शेकडो वर्षं मानत. शेवटी सोळाव्या शतकात इटलीतल्या देला पोर्टा नावाच्या गृहस्थाने चुंबकाला लसणाचा रस चोळला, लसूण खाऊन त्यावर ढेकर दिले, आणि चुंबक सुई ओढतच राहिला. मला हा माणूस फार आवडतो. १६०० साली इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे असं मांडलं आणि या असल्या सगळ्या गोष्टी एकेक करून झटकल्या. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या लोकांत चुंबक दगडाची जोडी लाल कापडाच्या थैलीत ठेवून तिला लोखंडाचा कीस ‘खाऊ घालायची’ रीत आहे. गुलामीत पिचलेल्या माणसांच्या हाती दुसरं काही नव्हतं तेव्हा ती वाढली, तिच्याबद्दल इथे बसून मी काय बोलू. पण माझ्या पुतण्याने मोबाईलवर दाखवलं, तीच थैली, तीच जोडी, तोच कीस, वर एक संस्कृत मंत्र चिकटवून आपल्याकडे ‘प्राचीन भारतीय विद्या’ म्हणून विकायला आहे.

चुंबकाने माणूस ओढला जातो का, याची परीक्षा जालन्यात रोज होते. इथल्या स्टील कारखान्यांत क्रेनला लटकवलेलं विद्युतचुंबक भंगाराचे ढीगच्या ढीग उचलतं. त्याच्या आसपास शेकडो कामगार वावरतात, एकाचंही मन त्या क्रेनवर जडल्याचं ऐकिवात नाही. एमआरआयच्या नळीत माणसाला आडवं घालतात तिथे चुंबकाचं बळ सहसा दीड टेस्ला असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटीहून जास्त. रक्तात लोह आहे ना, असं लोक विचारतात. आहे, सबंध शरीरात तीन-चार ग्रॅम, पण त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये अशा रीतीने बांधलेलं असतं की खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. शिवाय मंगळसूत्र सोन्याचं, अंगठी तांब्याची, पैंजण चांदीचे. चुंबक यातल्या कशालाच विचारत नाही. माझी आई चुंबकाला फार मानायची, पण ती गोधडी शिवताना सुई हरवली की.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. हल्ली दगडाच्या जागी गोळीएवढे चकचकीत निओडिमियम चुंबक ‘जास्त पॉवरवाले’ म्हणून देतात. असे दोन लेकराने गिळले तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात, आतड्याला भोक पडतं, पोट उघडावं लागतं. ज्या घरात ते देवघरात ठेवले आहेत आणि घरात रांगतं मूल आहे, त्यांनी ते आजच उचलावेत.

आता आपल्याकडे येतो, संपादक महोदय. दरवर्षी २० ऑगस्टला आपण डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर अग्रलेख लिहिता. चांगला लिहिता, मी कापून ठेवतो. त्यांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात चमत्काराचा प्रयोग दाखवून पैसे कमावणं आणि अशा चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. करणाऱ्याबरोबर प्रचार-प्रसार करणाराही त्यात येतो. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या यंत्र-तंत्राच्या जाहिरातींबद्दल निकाल दिला: दैवी शक्तीचा दावा करून असा माल विकणंही बेकायदा आणि त्याची जाहिरात दाखवणंही. निकाल टीव्हीबद्दल होता हे मान्य. पण टाचणी लावलेली चिठ्ठी दगडाकडे सरकते हा चमत्कार जर टीव्हीवर गुन्हा असेल तर कागदावर छापल्याने त्याचं पुण्य कसं होतं, हे आपल्या वकिलांना विचारून आम्हा वाचकांना सांगावं.

मी आपल्या जाहिरात विभागाला फोन केला होता. तिथल्या मुलाने अदबीने सांगितलं, ‘काका, खाली सूचना छापतो ना आपण, वाचकांनी खात्री करूनच व्यवहार करावा.’ ती सूचना मी भिंग घेऊन वाचली. पाच एकर कोरडवाहूवाल्या माणसाने खात्री करायची कशी? त्याला वाटतं पेपरात आलंय म्हणजे कुणीतरी बघूनच छापलं असेल. तो पेपरवर विश्वास ठेवतो, बाबावर त्याच्यानंतर. त्या पोराने दगडवाला यात्रेत शोधला नव्हता, त्याला तो आपल्या पानावर भेटला.

तेव्हा मागणी एवढीच की ही चौकट बंद करा, आणि त्या नंबरांची यादी आपणहून पोलिसांकडे द्या. पैसे कुणी भरले याच्या पावत्या आपल्याकडे आहेत, त्या आमच्याकडे नाहीत. पोलीस ठाण्यांसाठी या कायद्याचे दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. जालना जिल्ह्यात ते कोण आणि कुठे भेटतात, हे नाव-नंबरासह एकदा ठळक छापा. चौकटीचं उत्पन्न बुडतं अशी अडचण असेल तर तेवढी जागा मी घेतो. ‘स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, युनिट दुरुस्त करून मिळतील’ एवढंच छापायचं. दर कळवा.

ज्या शाळेला, भजनी मंडळाला किंवा बचत गटाला कुंकवाचा, चिठ्ठीचा आणि रुसव्याचा असे तिन्ही खेळ हातात घेऊन बघायचे असतील त्यांनी बोलवावं. ताटली, बुरा, मॅग्नेट माझं. सोमवारी दुकान बंद असतं, तो दिवस सोयीचा.

माझं नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. त्या पोराचे वडील आणि त्या मुलीचे वडील, दोघांचेही अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडेच दुरुस्तीला असतात.

आपला,
एक स्पीकर मेकॅनिक,
जुना जालना